दिवसाला एकच खाडी

पत्र: आम्ही दोघं डोंबिवलीत राहतो, लग्नाला तीन वर्षं झाली. जानेवारीत शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत नऊ दिवसांची रजा मिळाली आहे. गाडी नाही आणि घ्यायचीही नाही. पाठीवर पिशव्या टाकून एसटीने अलिबागपासून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आहे. दोघांचं मिळून बजेट २५ हजार. ह्यांचं म्हणणं, आठही मुक्काम आधी बुक करू, फोनवरच्या नकाशात रोजचे तास मांडून ठेवू. माझं म्हणणं, काहीच बुक नको. यावरून दोनदा भांडण झालं आहे. त्यात मला घाटात गाडी लागते. सासूबाई म्हणतात, असल्या प्रवासात हाल होतील. काय करावं?
– एक वाचक

उत्तर:

जा, नक्की जा. दोन मोठे बदल मात्र करा. गोवा या खेपेला सोडून द्या आणि रत्नागिरीला थांबा. आणि नकाशातल्या तासांवर बेत आखू नका, खाड्यांवर आखा.

कोकणचा किनारा नकाशात सरळ रेघ दिसतो, पण दर तीस-चाळीस किलोमीटरवर एखादी खाडी आत शिरलेली असते. मोठ्या खाड्यांच्या मुखाशी अजून पूल झालेले नाहीत. रेवस-रेडी सागरी मार्गाचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्याचं, काम चालू आहे, तोवर तिथे जंगलजेट्टीच, म्हणजे माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारी सपाट फेरीबोट. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एसटीच्या ग्रामीण गाड्या किनाऱ्याला समांतर फारशा धावत नाहीत. त्या तालुक्याच्या गावाहून किनाऱ्याला येतात आणि परत तालुक्याला जातात, कारण त्या गावकऱ्यांसाठी आहेत. सकाळी कचेरी, दवाखाना, बाजार, कॉलेज, आणि संध्याकाळी घर. एका समुद्रगावाहून शेजारच्या समुद्रगावाला जायचं तर पुष्कळदा आधी तालुक्याला जाऊन दुसरी गाडी धरावी लागते. फोनवरचा नकाशा मोटारीचा वेळ दाखवतो. तो ‘दीड तास’ म्हणेल तिथे तुमची अर्धी सकाळ जाईल. अलिबाग ते गोव्याच्या हद्दीवरचं तेरेखोल नऊ दिवसांत बसवलं तर रोजचा दिवस स्टँडवरच जाईल.

म्हणून नियम साधा ठेवा: दिवसाला एकच खाडी ओलांडायची. रत्नागिरीपर्यंत जंगलजेट्टीच्या चार खाड्या आहेत: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, आणि तवसाळ ते जयगड. त्या तुम्ही सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या चार दिवशी ओलांडाल. मुक्काम असे: शनिवार-रविवार मुरूड, सोमवार श्रीवर्धन, मंगळवार-बुधवार हर्णै, गुरुवार-शुक्रवार गुहागर, शनिवार मालगुंड, आणि रविवारी रात्री रत्नागिरीहून रेल्वे.

पहिला रविवार मुद्दाम मुक्कामाचा ठेवला आहे. बऱ्याच गाड्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी सोडलेल्या असतात आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी त्या बंद असतात. वेळापत्रकाच्या फळ्यावर त्या फेऱ्या तशाच लिहिलेल्या दिसतात. म्हणून ‘गाडी कधी आहे?’ एवढंच विचारू नका, ‘आज आहे का?’ असं विचारा. हाच प्रश्न आदल्या संध्याकाळी आगारातल्या चौकशी खिडकीवर किंवा कंट्रोलरला विचारलात तर सगळ्यात भरवशाचं उत्तर मिळेल. एसटीच्या ॲपवर लांब पल्ल्याच्या आरक्षणाच्या गाड्या दिसतात, गावोगावच्या साध्या फेऱ्यांसाठी त्यावर विसंबू नका. वस्तीची गाडीही विचारून ठेवा. संध्याकाळी गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी ही गाडी. ती गावातच उभी असल्यामुळे सुटण्याची खात्री जास्त असते.

आता खर्च. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याला साधारण १० रुपये पडतं. तुमचा रस्त्यावरचा सगळा प्रवास पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास होईल, म्हणजे ह्यांचे साडेसहाशे रुपये. महिलांना १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीचं अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुमचे सव्वातीनशे. तुटक टप्पे धरून दोघांचे १,२०० समजा. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास लांबच्या प्रवासाला उत्तम, पण या बेताला तो महाग पडेल, तुम्हाला तर फारच. जागेला रात्रीचे १,५०० धरले तर आठ रात्रींचे १२,०००. खाण्याला दोघांचे रोजचे ८००, म्हणजे ७,२००. लाँच, जेट्ट्या आणि किल्ल्याची होडी मिळून १,०००. हे झाले २१,४००. उरलेल्यातले अडीच हजार वेगळ्या पाकिटात घाला आणि त्यावर ‘रिक्षा’ असं लिहा. रेल्वेचं तिकीट बाकीच्यात बसतं.

हे पाकीट तुमच्या भांडणावरचा अर्धा उपाय आहे. जेट्टीचा धक्का गावापासून लांब असतो आणि फेरीला जोडून एसटी असेलच असं नाही. तिथे उन्हात उभं राहून ‘थांबायचं की रिक्षा करायची’ हा वाद हमखास होतो. घरीच ठरवून टाका: तासभर थांबून गाडी आली नाही, किंवा दुपारचे चार वाजून गेले, तर न बोलता रिक्षा. पाकिटातले पैसे त्यासाठीच आहेत, ते वाचवायचे नाहीत.

बुकिंगबद्दल दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मुरूडच्या दोन रात्री आणि मालगुंडची शनिवारची रात्र आधी ठरवा, कारण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मोटारी येतात आणि घरगुती निवास भरतात. मधल्या दिवसांत आदल्या दुपारी फोन पुरे. फोनवर तीन गोष्टी विचारा: एसटीचा थांबा किती अंतरावर, जेवण घरी मिळतं का, आणि ते किती वाजेपर्यंत सांगावं लागतं. कोकणात घरगुती खानावळीत माणसं मोजून मासळी आणतात. रात्री आठला जाऊन ताट मागितलंत तर वरण-भातावर भागवावं लागेल. दोघांचीही आधार कार्डं जवळ असू द्या. कामं रोज अदलून-बदलून घ्या. एक दिवस एकाने पुढची गाडी बघायची आणि दुसऱ्याने मुक्काम-जेवण, दुसऱ्या दिवशी उलट. ज्याच्याकडे त्या दिवशी गाडीचं काम आहे त्याचा निर्णय दुसऱ्याने मानायचा.

पिशवी माणशी एकच, ४० लिटरपर्यंत, वजन सात-आठ किलोच्या आत. साध्या एसटीत डोक्यावरची फळी अरुंद असते. मोठी पिशवी तिथे मावत नाही, आणि वाटेत ठेवली तर मासळीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायकांची अडचण होते. सकाळी सात ते नऊ मुलांच्या गर्दीत पिशवी पाठीवर न ठेवता पुढे छातीशी घ्या. टर्किश टॉवेल नको, पंचा घ्या. जानेवारीत किनाऱ्यावर रात्री दव पडतं, जाड सुती कपडे बाहेर वाळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ओलं ओझं वाहावं लागतं. पाच मीटर दोरी, सहा चिमटे, ओल्या कपड्यांना एक प्लास्टिकची पिशवी. पायांत मागे पट्टा असलेली रबरी चप्पल हवी. खडकांवर कालवं असतात, त्यांची कड पात्यासारखी कापते. दुपारी जानेवारीतही तीस-बत्तीस अंश होतात आणि दमट हवेत घाम फार जातो, तेव्हा ओआरएसची चार-पाच पाकिटं जवळ ठेवा. दहा-वीसच्या नोटाही हव्यात. कंडक्टरच्या मशीनवर फोनने पैसे देता येत असले तरी खाडीच्या काठी रेंज जाते.

गाडी लागण्याचं आता. या मार्गात सह्याद्रीचा मोठा घाट एकही नाही, पण मंडणगड, दापोली, गुहागरकडचे रस्ते वळणाचे आणि चढउताराचे आहेत. जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली घ्या, शक्य तितकी पुढची. मागच्या चाकावरची आणि शेवटची रांग सगळ्यात जास्त उसळते. निघण्याआधी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. एक-दोन इडल्या किंवा भाकरी-चटणी ठीक, तळलेलं नको. वळणांवर फोन पाहू नका, नजर लांबच्या डोंगरावर ठेवा. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची असेल तर निघण्याआधी तासभर घ्या. ती मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही. गोळीने झोप येते, म्हणून त्या दिवशी उतरायचा थांबा लक्षात ठेवण्याचं काम ह्यांच्याकडे. आणखी एक सोपी गोष्ट: तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला जाणार, म्हणजे समुद्र उजव्या हाताला, ड्रायव्हरच्या बाजूला. सकाळचं ऊन डावीकडून येतं. सकाळी प्रवास केलात तर उजव्या खिडकीत सावली आणि समुद्र दोन्ही मिळतात, दुपारनंतर त्याच खिडकीत ऊन येतं. मळमळीला ऊन वाईट, म्हणूनही सकाळच्याच गाड्या धरा.

पहिला शनिवार. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी, तिथून गेटवे, आणि सकाळच्या लाँचने मांडवा, साधारण तासाभराचा प्रवास. काही लाँचच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तिकीट काढताना विचारा. अलिबाग स्टँडवरून मुरूड सुमारे ५० किलोमीटर, दोन तास. रेवदंडा, कोर्लई, काशीद करत गाडी जाते. इथे नावांचा एक सापळा आहे. या रस्त्यावर ‘बोर्ली मांडला’ लागतं आणि खाडीपलीकडे दिवेआगरजवळ ‘बोर्ली पंचतन’. मुरूडही दोन: जंजिऱ्याचं, आणि हर्णैजवळचं दापोलीचं. वेळासही दोन: कासवांचं मंडणगड तालुक्यातलं, आणि दुसरं श्रीवर्धन तालुक्यातलं. गाडीची पाटी वाचताना ‘मार्गे’च्या पुढचा शब्द वाचल्याशिवाय चढू नका.

रविवारी जंजिऱ्याला जाऊ नका. राजपुरीच्या धक्क्यावर त्या दिवशी रांगा लागतात. सोमवारी सकाळी पहिल्याच होड्यांना जा, पिशव्या मुक्कामी ठेवून. शिडाच्या होडीतून नेतात, माणसं भरली की होडी सुटते, आणि किल्ल्यात साधारण पाऊण तास देतात. परत येऊन पिशव्या घ्या आणि अकरा-साडेअकरापर्यंत आगरदांड्याला पोहोचा. जेट्टीची पुढची वेळ सकाळीच मुरूडमध्ये विचारून घ्या, दोन फेऱ्यांमधलं अंतर मोठं असू शकतं. दिघीहून बोर्ली पंचतन आणि तिथून श्रीवर्धन. एसटी नसेल तर सहा आसनी रिक्षा मिळते. दिवेआगरचा मोह होईल, पण मंगळवार लांबचा आहे, आणि सकाळची गाडी जिथून सुटते त्या आगाराच्या गावात झोपलेलं बरं. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे आणि वाड्यांमधून चालताना दुतर्फा पोफळी लागतात. संध्याकाळ छान जाईल.

मंगळवार हा सगळ्यात अवघड दिवस, म्हणून सहा-सातलाच निघा. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, तिथून बागमांडला जवळच, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्रालगतच्या खडकांवरून आहे आणि ती फक्त ओहोटीलाच करायची. भरतीच्या लाटेने इथे माणसं ओढली गेली आहेत. भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत शिकून घ्या, प्रवासभर उपयोगी पडेल: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या. रोज ती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून खडकावर उतरण्याआधी गावात विचाराच. मंगळवारी सकाळी ओहोटी जुळत नसेल तर प्रदक्षिणा सोडून द्या.

बागमांडल्याहून जेट्टीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. तिथून मंडणगड, मंडणगडहून दापोली, दापोलीहून हर्णै. गाड्या तीन आणि दिवस पुरा. वेसवीहून मंडणगडच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच मंडणगड आगारात फोन करून विचारा. या टप्प्यात जोडणी चुकली तर दापोलीलाच राहा, हर्णैचा हट्ट नको. जेट्टी काही कारणाने बंदच असेल तर म्हसळ्यावरून वळसा घालून मंडणगडला जाता येतं, त्यात दिवस जातो एवढंच. वाटेत वेळासला वळावंसं वाटेल, पण कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसतात ती साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये, जानेवारीत नाही.

बुधवारी हर्णैला काहीही ठरवू नका. सकाळी होडीने सुवर्णदुर्ग, दुपारी झोप, आणि संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव. होड्या लागल्या की वाळूवरच ढीग मांडून बोली सुरू होते. घ्यायचंच असेल तर आधी मुक्कामी विचारा, शिजवून देतील का. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती खाडीपुलावरून जवळ आहे, तोही त्याच दिवशी होतो.

गुरुवार सोपा. हर्णै-दापोली १७, दापोली-दाभोळ २८ किलोमीटर, जेट्टीने धोपावे, मग गुहागर पंधराएक किलोमीटर. हाच प्रवास रस्त्याने खेड-चिपळूण करून शंभरावर जातो. धोपाव्याला उतरल्यावर रिक्षा लागेल, पाकीट उघडा. गुहागरचा किनारा लांबलचक आणि बराचसा मोकळा आहे, शुक्रवारी सकाळी तो नुसता चाला.

शनिवारी गुहागर ते तवसाळ पस्तीस-चाळीस किलोमीटर, हेदवी वाटेत. या टप्प्यावर गाड्या मोजक्या आहेत, म्हणून सकाळचीच धरा. ती चुकली तर पुढच्या गाडीची वेळ बघा. दुपारनंतरची असेल तर तवसाळचा नाद सोडून चिपळूणमार्गे रत्नागिरी गाठा, चार-पाच तास लागतील, आणि मालगुंडला आधी फोन करून कळवा. तवसाळ गाठलंत तर पलीकडे जयगड आणि तिथून मालगुंड वीसेक किलोमीटर. शनिवारी गणपतीपुळ्याला फार गर्दी असते, मालगुंड त्याला लागूनच आणि शांत. कवी केशवसुतांचं हे जन्मगाव, त्यांचं स्मारकही बघा. समुद्राबाबत मात्र ऐका: गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला उतार एकदम आहे आणि पाण्याला ओढ आहे, पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत. घोट्यापुढे जाऊ नका, दोघांपैकी कुणीच.

परतीला कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस. दोन्ही रात्री रत्नागिरीवरून जातात आणि सकाळी ठाण्याला सोडतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच करा. सबंध बेतात इतकं आधी करायचं हे एकच काम आहे. म्हणजे ह्यांना बुकिंगचं समाधान मिळेल आणि मधले दिवस तुमच्या मनासारखे मोकळे राहतील. रत्नागिरीचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाला अर्धा तास हाताशी ठेवा.

सासूबाईंना सांगा, रोज संध्याकाळी मुक्कामाच्या गावाचं नाव आणि घरमालकांचा नंबर पाठवू. आणि पाठवाच, रेंज असेल तिथून, सूर्य मावळायच्या आत.

रविवारी मालगुंडहून निघताना रत्नागिरीची मिळेल ती गाडी घेऊ नका. काही गाड्या निवळीमार्गे आतून जातात. ‘आरे-वारे मार्गे’ अशी विचारून घ्या, दुपारनंतरची मिळाली तर उत्तम. हा एवढा एकच प्रवास ऊन सोसून करा. पिशव्या आधीच सीटखाली सरकवा आणि दोघंही उजवीकडे बसा. टेकडीवरून गाडी वळली की खाली आरे आणि वारे हे दोन्ही किनारे एकदम दिसतात.